पाहुण्याचं तिकीट

मुंबईत चार दिवसांसाठी येणाऱ्याने लोकल, बेस्ट आणि मेट्रोची कोणती तिकिटं घ्यावीत, आणि हे ठरवणं इतकं अवघड का व्हावं?

मुंबईला येणारा प्रत्येक जण मुंबई बघायला येत नसतो. परळच्या टाटा रुग्णालयात तपासणीची तारीख मिळालेली असते, म्हणून कोणी वाशीमहून येतं, कोणी उदगीरहून. मंत्रालयात कागद अडलेला असतो. उच्च न्यायालयात तारीख असते. मुलीची मुलाखत असते, मुलाची परीक्षा असते. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर माथा टेकायला लाखो माणसं येतात, गणपतीत लालबागला येतात, मे महिन्यात मुलांना गेटवे आणि राणीची बाग दाखवायला आणतात. कारणं निराळी असली तरी गाडीतून उतरल्यावर सगळ्यांपुढे प्रश्न एकच असतो. आता पुढे कशाने जायचं आणि कोणतं तिकीट काढायचं?

दादरच्या खिडकीवर सकाळी उभं राहिलं की या प्रश्नाचं खरं रूप दिसतं. रोजच्या प्रवाशाच्या खिशात पास असतो, तो खिडकीकडे वळतही नाही. रांगेत उरतो तो अधूनमधून येणारा आणि परगावचा. त्याला विचारायचं असतं बरंच काही. परळला कोणती गाडी थांबते? परतीचं आत्ताच काढू का? दिवसभराचा पास असतो म्हणतात, तो कितीला? पण त्याच्यामागे पंधरा माणसं असतात आणि खिडकीतल्या माणसाकडे त्याच्यासाठी फार तर अर्धं मिनिट असतं. मग तो जे मिळेल ते तिकीट घेऊन बाजूला होतो.

या माणसाच्या बाजूने मुंबईची भाडेव्यवस्था मांडून बघावी, म्हणून हा लेख. काही हिशोब मांडले आहेत. ते करताना जाणवलेली एक गोष्ट आधीच सांगतो: या शहरात पाहुण्याने आधी तिकीट निवडू नये, आधी दिवस आखावा. दिवस कागदावर उतरला की तिकीट आपोआप ठरतं.

पाच रुपयांचं शहर

मुंबईचा सार्वजनिक प्रवास मुळात स्वस्त आहे, हे आधी लक्षात घेतलं पाहिजे. पासाचा मोह किती धरायचा, ते त्यावरूनच ठरतं. लोकलच्या दुसऱ्या वर्गाचं किमान भाडं ५ रुपये आहे, दहा किलोमीटरपर्यंत. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस (सीएसएमटी) ते दादर ९ किलोमीटर, भाडं ५ रुपये. चर्चगेट ते अंधेरी १० रुपये, चर्चगेट ते बोरिवली १५, आणि साठ किलोमीटरवरचं विरार २० रुपये. १ जुलै २०२५ पासून देशभर रेल्वेची भाडी थोडी वाढली, तेव्हाही उपनगरी गाड्या वगळल्या होत्या.

ही स्वस्ताई या शहराने मिळवलेली आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हा कुलाबा ते पायधुणी भाडं तीन आणे होतं आणि तिकीट असं काही दिलंच जात नव्हतं. लवकरच ते दोन आण्यांवर आणावं लागलं. ३ फेब्रुवारी १९२५ ला विजेवरची पहिली लोकल कुर्ल्यापर्यंत गेली, १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस धावली. गिरणगावातला कामगार आणि फोर्टातला कारकून यांना परवडेल एवढंच भाडं ठेवावं लागलं, कारण त्यांच्याशिवाय शहर चालत नव्हतं.

रोजच्या प्रवाशाला तर याहून मोठी सवलत आहे. दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाची किंमत साधारण पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्याइतकी असते. म्हणजे सुमारे आठ दिवसांत पास वसूल होतो आणि पुढचे बावीस दिवस फुकट. जून २०१४ मध्ये हा हिशोब तीस फेऱ्यांचा करायचं रेल्वेने ठरवलं होतं. मुंबईत संताप उसळला, इथले खासदार रेल्वेमंत्र्यांना जाऊन भेटले, आणि चार-सहा दिवसांत तो निर्णय मागे घेतला गेला. रोजच्या प्रवाशामागे एवढी ताकद आहे. चार दिवसांसाठी येणाऱ्याच्या बाजूने मात्र कोणी भेटायला जात नाही. तो मतदार दुसरीकडचा, त्याची संघटना नाही, आणि पाचव्या दिवशी तो परत गेलेला असतो. पुढे जे सगळं येणार आहे, त्याचं मूळ इथे आहे.

लोकलचा पर्यटक पास: केव्हा घ्यावा, केव्हा नाही

लोकलचा पर्यटक पास असतो, हे अनेक मुंबईकरांनाही ठाऊक नसतं. तो एक, तीन आणि पाच दिवसांचा मिळतो, स्थानकाच्या तिकीट खिडकीवर. दुसऱ्या वर्गासाठी त्याचे दर ७५, ११५ आणि १३५ रुपये असे आहेत. पश्चिम, मध्य आणि हार्बर या तिन्ही मार्गांवर तो चालतो, कितीही वेळा चढा, कितीही वेळा उतरा.

हिशोब मांडू. एक दिवसाचा पास ७५ रुपयांचा. विरारहून चर्चगेटला जाऊन परत आलात, तरी सुट्या तिकिटांचे ४० रुपये होतात. त्याच दिवशी तीच फेरी दुसऱ्यांदा केली तर कुठे ८० होतात आणि पास पाच रुपयांनी स्वस्त पडतो. एवढा प्रवास पाहुणा करत नाही. दादरला उतरलेल्या माणसाने दिवसभरात सीएसएमटीला जाऊन यावं, संध्याकाळी अंधेरीच्या आत्याकडे जाऊन यावं, तरी तीसच्या आसपासच भरतात. एक दिवसाचा पास पैशांच्या दृष्टीने जवळपास कधीच परवडत नाही.

तीन दिवसांचा पास दिवसाला ३८ रुपयांच्या आसपास पडतो, पाच दिवसांचा फक्त २७ रुपयांना. इथे चित्र बदलतं. नालासोपारा-विरारच्या बाजूला नातेवाइकांकडे उतरलेल्या आणि रोज शहरात येणाऱ्या माणसाला पाच दिवसांत सुट्या तिकिटांचे २०० रुपये लागतील. पास १३५ चा. माणशी ६५ रुपये वाचले, चार मोठी माणसं असतील तर २६०. त्यामुळे साधा नियम असा: मुक्काम लांबच्या उपनगरात आणि दिवस चार-पाच, तर पास. मुक्काम दादर, परळ, भायखळा या पट्ट्यात असेल, तर सुटं तिकीट.

पण पासाची एक बाजू हिशोबाच्या वहीत मावत नाही. नवख्या माणसाची मुंबईत सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे चुकीची गाडी. स्लोऐवजी फास्ट पकडली, उतरायचं होतं परळला आणि गाडी थेट कुर्ला-घाटकोपरकडे निघाली. हातात परळचं तिकीट आहे आणि घाटकोपरला टीसी भेटला, तर नियमाने ते तिकीट पुढे चालत नाही. दंड किमान २५० रुपये, वर भाडं वेगळं. पाच रुपयांचं तिकीट काढलेल्या प्रामाणिक माणसाला हा दंड फार लागतो, आणि त्याहून जास्त लागते चारचौघांतली शरम. ज्याच्याकडे पास आहे तो शांतपणे पूल ओलांडतो आणि उलट दिशेची गाडी धरतो. पहिल्यांदा येणाऱ्यांसोबत म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील, तर जास्तीचे वीस-तीस रुपये या निर्धास्तपणासाठी दिले, असं समजावं. ते वाया जात नाहीत.

एक सावधगिरी मात्र पास घेतल्यावरही हवी. दुसऱ्या वर्गाचा पास किंवा तिकीट पहिल्या वर्गात आणि एसी लोकलमध्ये चालत नाही. पहिल्या वर्गाचा डबा त्याच गाडीत, शेजारीच असतो. गर्दीत दार समोर आलं म्हणून माणूस आत शिरतो आणि दंडाला पात्र होतो. दारावरचा आकडा आणि पट्टे बघायची सवय पहिल्या गाडीपासूनच लावून घ्यावी. एसी लोकल पश्चिम रेल्वेवर २५ डिसेंबर २०१७ ला सुरू झाली. सुरुवातीला ती महाग होती. मे २०२२ मध्ये भाडी निम्म्याच्या आसपास आली: पाच किलोमीटरचे ६५ चे ३० झाले, पंचवीस किलोमीटरचे १३५ चे ६५. दुसऱ्या वर्गाशी तुलना केली तर अजूनही पाच-सहा पट. पण सकाळी अकराच्या उन्हात आजारी माणसाला घेऊन बोरिवलीहून यायचं असेल, तर एसी गाडीचं वेळापत्रक आधी बघून ठेवावं. तो खर्च चैनीत मोजू नये.

बेस्ट: दर वाढले, दिवसाचा पास टिकला

दक्षिण मुंबई बघायची असेल, तर लोकल अर्ध्या वाटेपर्यंतच नेते. सीएसएमटीपासून गेटवे, तिथून वस्तुसंग्रहालय, गिरगाव चौपाटी, मलबार हिलची बाग, महालक्ष्मी, सिद्धिविनायक ही सगळी बेस्टच्या बसची ठिकाणं. रिक्षा या भागात चालत नाहीत, त्या वांद्रे-सायनच्या अलीकडे येतच नाहीत, हेही परगावच्या माणसाला आधी माहीत असावं. टॅक्सीचं किमान भाडं १ फेब्रुवारी २०२५ पासून दीड किलोमीटरला ३१ रुपये आहे.

बेस्टने २०१९ मध्ये किमान भाडं ५ रुपयांवर आणलं होतं. ९ मे २०२५ पासून ते दुप्पट झालं: पाच किलोमीटरपर्यंत साध्या बसला १० रुपये, एसी बसला १२. मासिक पास ९०० वरून १८०० वर गेला. या सगळ्या वाढीत दिवसाचा पास मात्र ६० वरून ७५ वरच थांबला. तिकीट दुप्पट आणि पास सव्वापट, याचा अर्थ असा की दरवाढीनंतर दिवसाचा पास तुलनेने जास्त फायद्याचा झाला आहे, आणि तो फायदा नेमका दिवसभर फिरणाऱ्याचा आहे.

कितव्या फेरीला तो वसूल होतो? सगळ्या फेऱ्या पाच किलोमीटरच्या आतल्या असतील, तर साध्या बसने आठव्या आणि एसी बसने सातव्या फेरीला. एखादी फेरी लांबची झाली, म्हणजे कुलाब्याहून थेट दादरसारखी, की त्याआधीच. दक्षिण मुंबईतली सहा ठिकाणं बघून मुक्कामी परतणाऱ्या कुटुंबाच्या सात-आठ फेऱ्या सहज होतात. ज्यांना दिवसात दोनच ठिकाणं करायची आहेत त्यांनी पासाच्या नादी लागू नये.

इथे पैशांपेक्षा वेळेचा हिशोब जास्त महत्त्वाचा. बसची वाट बघण्यात वीस मिनिटं गेली आणि पुढे सिग्नलला गाडी अडली, तर सहा ठिकाणांचा बेत चारवर येतो. म्हणून बसचा दिवस रविवारी ठेवावा. रस्ते मोकळे असतात, आणि रविवारीच रेल्वेचा दुरुस्तीसाठीचा मेगाब्लॉक असल्याने लोकलवर अवलंबून असलेले बेत त्या दिवशी कोलमडतात. शनिवारच्या वर्तमानपत्रात ब्लॉकची वेळ आणि मार्ग छापून येतो, तो वाचल्याशिवाय रविवारचा बेत पक्का करू नये.

मेट्रो: चार मार्ग, तीन व्यवस्था

मुंबईत मेट्रो आली ८ जून २०१४ ला: वर्सोवा ते घाटकोपर, ११.४ किलोमीटर, भाडं १० ते ४० रुपये. एप्रिल २०२२ मध्ये दहिसर-अंधेरीच्या भागातले दोन मार्ग, २अ आणि ७, सुरू झाले आणि जानेवारी २०२३ मध्ये पूर्ण झाले. आणि मग आला भुयारी मार्ग ३. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा पहिला टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये उघडला, वर्षभराने कफ परेडपर्यंतचा संपूर्ण मार्ग खुला झाला. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं, भाडं १० ते ७० रुपये.

बाहेरून येणाऱ्यासाठी हा भुयारी मार्ग मोठी सोय आहे. विमानतळाची दोन्ही टर्मिनल, वांद्रे-कुर्ला संकुल, दादर, सिद्धिविनायक, मुंबई सेंट्रल, सीएसएमटी, चर्चगेट आणि विधान भवन एका सरळ रेषेत आले. मंत्रालयात काम असलेल्याने विधान भवन स्थानकावर उतरावं. विमानाने येणाऱ्याचा टॅक्सीचा मोठा खर्च वाचतो, सामान एकाच हातात मावत असेल तर. तिकीट मोबाइलवर काढायचं असेल तर ते वर, उजेडात असतानाच काढून ठेवावं. जमिनीखाली रेंज मिळेलच असं नाही.

मेट्रोचेही पास आहेत. मार्ग २अ आणि ७ वर एका दिवसाचा अमर्याद प्रवासाचा पास ८० रुपयांना आणि तीन दिवसांचा २०० रुपयांना मिळतो. पण तो याच दोन मार्गांपुरता. घाटकोपरच्या मेट्रोत तो चालत नाही, भुयारी मेट्रोतही नाही, कारण तीन व्यवस्था तीन वेगळ्या कंपन्यांच्या आहेत. फिल्मसिटी, राष्ट्रीय उद्यान, मालाड-बोरिवलीतले नातेवाईक असा उत्तर मुंबईतलाच दिवस असेल तरच या पासाचा विचार करावा. एरवी मेट्रोचं सुटं तिकीटच बरं.

मुलांच्या बाबतीत नियम दोन ठिकाणी दोन आहेत. लोकलमध्ये वय बघतात: पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं. मेट्रोत उंची बघतात: साधारण तीन फुटांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही.

एसटीची सवलत एसटीपुरती

ग्रामीण महाराष्ट्रातून येणाऱ्यांचा एक गैरसमज इथे दूर करायलाच हवा, कारण त्यातून रोज वाद होतात. एसटीत मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना अर्धं तिकीट आहे. पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्या ज्येष्ठांना अर्धं, आणि ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. या सवलतींनी गावोगावच्या बायका आणि म्हातारी माणसं घराबाहेर पडली, हे डोळ्यांनी दिसतं. अशी एखादी आजी मोफत एसटीने मुंबई सेंट्रलला उतरते, बाहेर लाल रंगाची बेस्टची बस बघते आणि तीही सरकारचीच आहे असं समजून आधार कार्ड पुढे करते. बेस्ट महापालिकेचा उपक्रम आहे, ७ ऑगस्ट १९४७ पासून. एसटीची सवलत तिथे लागू नाही. लोकलमध्येही नाही. रेल्वेने ज्येष्ठांना लांबच्या गाड्यांत जी सवलत होती तीही मार्च २०२० मध्ये थांबवली, ती परत सुरू झालेली नाही.

वाहकाशी वाद घालण्यात आजीचा दोष नाही. तिला कोणी सांगितलेलंच नसतं. घरातून निघताना तिच्या कमरेच्या पिशवीत सुटे पैसे वेगळे बांधून द्यावेत आणि मुंबईत उतरल्यावर पूर्ण तिकीट लागेल हे समजावून सांगावं. रुग्णांच्या बाबतीत आणखी एक. कर्करुग्णाला आणि त्याच्यासोबतच्या एका माणसाला उपचारासाठीच्या रेल्वे प्रवासात सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचं ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं. पहिल्या भेटीतच ते मागून घ्यावं.

आणि उपचार लांबला, रोज एकाच मार्गाने महिनाभर जायचं ठरलं, तर पाहुण्यानेही सरळ मासिक पास काढावा. ओळखपत्र दाखवून तो कोणालाही मिळतो, त्यासाठी मुंबईचा रहिवासी असावं लागत नाही. आठ-दहा दिवसांहून जास्त मुक्काम असेल तर पर्यटक पासापेक्षा आणि सुट्या तिकिटांपेक्षा तो स्वस्त पडतो. रेडिएशनसाठी पाच-सहा आठवडे राहिलेली कुटुंबं रोज रांगेत उभी राहून सुटी तिकिटं काढताना दिसतात. रांगेचा तो वेळ आणि ते पैसे दोन्ही वाचू शकतात.

तिकीट कुठून काढावं

खिडकीची रांग टाळायचे चार मार्ग आहेत. पहिला, मोबाइल. जुलै २०२५ मध्ये आलेल्या रेल्वेच्या रेलवन ॲपवर लोकलचं तिकीट निघतं. आर-वॉलेटमध्ये पैसे भरले तर तीन टक्क्यांचा फायदा मिळतो. अट एवढीच, की तिकीट स्थानकात शिरण्याआधी काढायचं. फलाटावर, रुळांच्या जवळ पोचल्यावर ते निघत नाही. ते मुद्दाम तसं ठेवलं आहे, टीसी दिसल्यावर कोणी तिकीट काढू नये म्हणून. घरातल्या तरुणाने निघण्याआधीच आईवडिलांच्या फोनवर ॲप टाकून द्यावं आणि एकदा वापरून दाखवावं.

दुसरा, स्थानकावरची एटीव्हीएम यंत्रं. त्यांच्याशेजारी बऱ्याचदा रेल्वेतून निवृत्त झालेली माणसं मदतनीस म्हणून बसलेली असतात. स्थानकाचं नाव सांगा, पैसे द्या, ती तिकीट काढून देतात. ज्याला यंत्राची भीती वाटते त्याने या माणसांकडे जावं. त्यांना गाड्याही ठाऊक असतात आणि दोन शब्द बोलायला थोडा वेळही असतो. तिसरा, स्थानकाबाहेरचे जनसाधारण तिकीट केंद्रवाले. ते तिकिटामागे एक-दोन रुपये जास्त घेतात, पण रांग वाचते. चौथा मार्ग सगळ्यात सोपा: सकाळी जातानाच परतीचं तिकीट काढून ठेवणं. ते दुप्पट भाड्यालाच मिळतं, स्वस्त पडत नाही, पण संध्याकाळी सहाच्या गर्दीत चर्चगेटच्या खिडकीवर उभं राहावं लागत नाही.

वेळेचंही भान हवं. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे, संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे, हा मुंबईचा श्वास घेण्याचा काळ आहे. त्या वेळात त्या दिशेला सामान घेऊन, मुलं घेऊन निघू नये. दादरला आता गोंधळ थोडा कमी झाला आहे. पूर्वी मध्य आणि पश्चिम रेल्वेचे फलाट वेगवेगळे एकपासून मोजले जायचे, त्यामुळे एक नंबरचे फलाट दोन असत. ९ डिसेंबर २०२३ पासून सगळे फलाट एक ते चौदा असे सलग मोजले जातात.

चार माणसं, चार दिवस

आता वर सांगितलेलं सगळं प्रत्यक्ष माणसांवर लावून बघू.

रुग्ण आणि सोबतचा माणूस दादरला उतरलेत, पाच दिवस रोज परळला जायचं आहे. लोकलने दोघांचे जाऊन-येऊन दिवसाचे २० रुपये, पाच दिवसांचे १००. दोघांचे पर्यटक पास घेतले असते तर २७० लागले असते. पास नको. वाचलेल्या पैशांतून, ज्या दिवशी रुग्णाला चालवत नाही त्या दिवशी टॅक्सी करावी.

वांद्रे-कुर्ला संकुलात सकाळी दहाला मुलाखत, मुलगी दादरला मावशीकडे. वांद्र्यापर्यंत लोकल ५ रुपये, पुढे साधी बस १० रुपये, असे पंधरात काम होतं. भुयारी मेट्रोला यापेक्षा थोडं जास्त लागेल. इथे मेट्रोच घ्यावी. गर्दीत चुरगळलेले कपडे आणि उशिराची धास्ती घेऊन मुलाखतीला बसण्यापेक्षा काही रुपये जास्त देणं शहाणपणाचं.

चौघांचं कुटुंब, एकच दिवस, दक्षिण मुंबई. सकाळी लोकलने सीएसएमटी, तिथून बेस्टचा ७५ रुपयांचा पास, रात्री लोकलने परत. लोकलचा पास नको, मेट्रोचा नको.

विरारला नातेवाइकांकडे पाच दिवस, रोज निराळीकडे फिरणं. लोकलचा पाच दिवसांचा पास १३५ रुपयांचा, आणि फक्त दक्षिण मुंबईच्या दिवशी बेस्टचा दिवसाचा पास. पाच दिवसांचा माणशी एकूण खर्च २१० रुपये. एवढ्या पैशांत एवढं मोठं शहर फिरता येतं, याचा अभिमान वाटायला हरकत नाही.

हिशोब पाहुण्याने का करावा?

पण या चार उदाहरणांतच प्रश्न दडलेला आहे. एवढं सगळं ज्याला माहीत आहे तोच योग्य तिकीट निवडू शकतो, आणि ज्याला योग्य तिकिटाची सगळ्यात जास्त गरज आहे त्याला यातलं काहीच माहीत नसतं. लोकलचा पास बसमध्ये चालत नाही, बसचा मेट्रोत नाही, एका मेट्रोचा दुसऱ्या मेट्रोत नाही. ठाण्यात ठाण्याची बस वेगळी, नवी मुंबईत तिथली, मीरा-भाईंदरला आणखी वेगळी. शहर एकच आहे, माणूस एकच आहे, आणि त्याच्या एका दिवसाच्या प्रवासाचे मालक पाच-सहा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई वन हे ॲप आलं. अकरा सेवा त्यात एकत्र आल्या आहेत: लोकल, मेट्रो, बेस्ट, आणि आसपासच्या महापालिकांच्या बस. एका ठिकाणी वेगवेगळी तिकिटं निघणं हे चांगलं पाऊल आहे आणि त्याचं स्वागत करायला हवं. पण प्रत्येक सेवेचं भाडं आपापलंच राहतं. तिकिटं एकत्र आली, दर एकत्र आलेले नाहीत. आणि ज्याच्याकडे साधा फोन आहे, त्याच्यासाठी ते ॲप नसल्यासारखंच.

लंडनमध्ये २००५ पासून ऑयस्टर कार्डावर एक साधी सोय आहे. दिवसभरात कितीही वेळा बस आणि भुयारी रेल्वेने फिरा, ठरावीक रकमेपुढे पैसे कापलेच जात नाहीत. प्रवाशाला पास निवडावा लागत नाही. जे त्याच्यासाठी स्वस्त, ते यंत्रच ठरवतं. आपल्याकडे दिल्ली मेट्रोने एक आणि तीन दिवसांची टुरिस्ट कार्डं काढली आहेत, आणि आपल्याच एसटीने ‘आवडेल तेथे प्रवास’ या पासातून चार आणि सात दिवस हवं तिथे फिरण्याची मुभा कित्येक वर्षांपासून दिली आहे. म्हणजे ही कल्पना महाराष्ट्राला परकी नाही. राज्यभर जे एका पासावर जमतं, ते मुंबई महानगरात जमू नये याला कारण नाही.

मागणी साधी आहे. लोकल, बेस्ट आणि सगळ्या मेट्रो मिळून एक दिवसाचं आणि तीन दिवसांचं एकच तिकीट असावं. ते कागदावरही मिळावं. मुंबई सेंट्रल, परळ आणि कुर्ला नेहरूनगरच्या एसटी स्थानकांवर, दादर आणि लोकमान्य टिळक टर्मिनसच्या फलाटांवर, आणि टाटा-केईएमच्या आवारात ते विकावं, कारण पाहुणा तिथेच उतरतो आणि तिथेच गोंधळतो. शेजारी मराठीतला एक मोठा फलक असावा: कुठे कोणती सवलत लागू आहे, कुठे नाही, कोणता पास कोणाला फायद्याचा. यातल्या फलकाला आणि विक्रीच्या खिडकीला पूल बांधावा लागत नाही की बोगदा खणावा लागत नाही. हजारो कोटींचे मार्ग उभे करणाऱ्या शहराला एवढा खर्च जड नाही.

मासिक पासाचा हिशोब बदलू नये म्हणून २०१४ मध्ये मुंबईचे खासदार दिल्लीत गेले. या तिकिटासाठी बोलायला वाशीम, लातूर, नंदुरबार आणि सिंधुदुर्गच्या लोकप्रतिनिधींनी उभं राहिलं पाहिजे. मुंबई महाराष्ट्राची राजधानी आहे, आणि तिच्या रुग्णालयांत, न्यायालयात, मंत्रालयात येण्यावाचून त्यांच्या मतदारांना दुसरा मार्ग नाही. तोवर घरातून निघण्याआधी एका कागदावर रोजची ठिकाणं लिहावीत, त्यांच्यापुढे भाडी मांडावीत, बेरीज करावी आणि मगच पासाचं नाव काढावं.